काळी सुटली

बारामती, ५ जानेवारी

शाहिद,

सलाम. तू फोन उचलत नाहीस आणि आता मीही करणार नाही. पण पत्र लिहिणार नाही, असं मी कधी म्हणाले होते? फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान माझं बोलणं पुरं तरी होतं.

मदत मागायला लिहीत नाहीये. हे आधी वाच, मग पुढचं.

काळी सुटली! आपली काळी! मी इंजिन चालवायच्या हँडसेटला हातसुद्धा लावला नव्हता. झालं असं. इंदापूरला दत्तोबांच्या हॉटेलात काल पहिल्यांदा दोन्ही इंजिनं एकदम रुळावर ठेवली. तू गेलास तेव्हा हॉल नुसता विटांचा होता, आता ओळखणार नाहीस. भिंतीला लागून छातीइतक्या उंचीवर फळी फिरवली आहे, तिच्यावरून रूळ सगळ्या हॉलला वळसा घालतो, मधे एक पूलही आहे. एका बाजूला मोठा देखावा केलाय, त्यात उजनीचं पाणी, पाण्यात गुलाबी फ्लेमिंगो, पलीकडं साखर कारखाना आणि सुप्याचा बाजार. बिल्डर लोकांच्या इमारतींची छोटी मॉडेलं करून करून माझे हात आखडले होते रे. मयूरेश्वर अभयारण्याच्या माळावरची हरणं करताना मी चक्क गात होते. अम्मींना विचार.

तर तांबडी स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी, काळी कारखान्यापाशी उसाचे डबे लावून उभी. दत्तोबा त्यांच्या व्याह्यांना घेऊन आले, "बघा, आपली रेल्वे!" असं म्हणून त्यांनी हात केला मात्र, आणि काळी निघाली. निघाली म्हणजे काय, सुसाट! उसाच्या मोळ्या उडाल्या, डबे एकेक करून वळणावर लवंडले. ती एकटीच भिंतीभोवती आख्खा फेरा मारून परत आली, पुलावरच्या वळणाला तिरकी झाली आणि फळीवरून खाली. खाली अम्मी चहा पीत बसल्या होत्या. त्यांनी कप सोडला आणि पदर पसरला. शप्पथ! तुझ्या आईनं इंजिन पदरात झेललं. वर म्हणाल्या, "गरम हाय गं, ताप आलाय हिला."

दत्तोबांचे व्याही टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, हा खेळच आहे.

मी हसत होते, पण तिला पदरातून उचलून कुठं पोचा पडलाय का ते चाचपत होते. ते पितळी अंग घडवता घडवता दिवाळी उजाडली होती. दत्तोबा हॉटेल ९ फेब्रुवारीला उघडणार आहेत. तोवर कारण शोधायचं. मी शोधणार. कळलं ना?

मेहजबीन

&nbsp;

इंदापूर, ११ जानेवारी

शाहिद,

तुझी फोनवरची ओळ मिळाली. "चिप बदल." बस्स? पत्राला उत्तर म्हणून दोन शब्द? असो, पत्र वाचलंस हे तरी कळलं.

बदलली. सुट्या भागांच्या डब्यात एक नवी होती, ती बसवली. आणि ऐक, तुझं निदान साफ चुकलं! नवी चिप बसवल्यावर काळी परत पळाली, आधीपेक्षा जोरात. यावेळी मी फळीच्या कडेला गादीच लावून ठेवली होती, म्हणून वाचली. मला वाईट वाटायला हवं होतं, पण तू चुकलास म्हणून इतकं बरं वाटलं की मी अम्मींना मिठी मारली.

हँडसेट बिघडला असेल म्हणून तो बंद करून, बॅटरी काढून ठेवला. तरी पळाली. लोकांच्या मोबाईलमुळं होत असेल म्हणून सगळ्या वाढप्यांचे फोन काउंटरवर प्रतिक्षाकडं जमा केले. प्रतिक्षा म्हणजे दत्तोबांची पुतणी, बी.कॉम. झालेली. हॉटेलचा काउंटर तीच बघणार आहे. पोरगी हुशार आहे, पण त्या फोनांपायी दुपारभर वाढप्यांच्या शिव्या खाल्ल्या तिनं. आणि काळी? तरी पळाली!

दत्तोबा माझ्या मागंमागं फिरत होते. म्हणाले, "मॅडम, एक बोलू का? स्पीडब्रेकर टाका की मधी."

मी म्हटलं, "दत्तोबा, इंजिन उडून पडेल."

"मग हिचं करंट कमी करा थोडं. उघड्या नळासारखं सोडलंय तुमी."

मग त्यांना खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. जुन्या पद्धतीच्या खेळण्यात रुळात जेवढी वीज सोडाल तेवढी गाडी पळते. आपलं तसं नाही. आपल्या रुळात वीज कायम पूर्ण असते आणि त्या विजेतूनच कंट्रोलर हाका मारत असतो, "सात नंबर, हळू चल. बारा नंबर, थांब." प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप. ती फक्त आपल्या नंबरची हाक ऐकते आणि तेवढंच करते. काळी सात, तांबडी बारा.

दत्तोबांनी डोकं खाजवलं. "म्हंजी हाक मारणारा एकच, आन् ही सात नंबर ऐकत न्हाय?"

"ऐकते. पण मधेच काय होतं कुणास ठाऊक."

"आमच्या म्हशीसारखंच की," ते म्हणाले आणि खूश होऊन चहा सांगायला गेले.

तांबडी मात्र एकदाही पळालेली नाही. एकदाही! तोच रूळ, तीच वीज, तोच कंट्रोलर, तसलीच चिप. मग हिलाच काय झालंय? झोपेतसुद्धा तेच डोक्यात असतं. किती दिवसांनी असं काहीतरी डोक्यात आहे, तुला सांगते. तू गेल्यापासून डोक्यात नुसता धूर होता.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

मेहजबीन

&nbsp;

बारामती, १८ जानेवारी

शाहिद, शाहिद, शाहिद!

सापडलं! जवळजवळ सापडलं! श्वास घेऊन क्रमानं सांगते.

परवा सकाळी काळी परत सुटली. यावेळी मी तयार होते. धावत जाऊन भिंतीवरचं सगळ्या हॉलचं मेन बटणच बंद केलं. हॉलमधला सगळा उजेड गेला, पंखे थांबले, कंट्रोलरचा दिवा विझला. आणि काळी पळतच होती! रुळात वीज नाही, आणि ही पळतेय! प्रतिक्षा तर खुर्चीवर चढून उभी राहिली. शेवटी सुप्याच्या बाजारापाशी काळी हळू होत होत थांबली.

मग माझं मलाच हसू आलं. डिसेंबरात मीच तिच्या पोटात वीज साठवणारा तो गोल कपॅसिटर बसवला होता. हायवेची धूळ रुळावर बसते, चाकांना वीज नीट पोचत नाही, काळी अडखळत होती. क्षणभर वीज तुटली तरी तिनं चालत राहावं म्हणून तिच्या पोटात ती शिदोरी दिली. तिनं ती शिदोरी पळून जायला वापरली. पण कपॅसिटर पळवत नाही, तो फक्त पळणं लांबवतो. ती पळायला लागते कशामुळं?

मग मी फोन स्टूलवर लावून सगळ्या हॉलचं चित्रण करत ठेवलं आणि देखाव्यातली झाडं चिकटवत बसले. परवा संध्याकाळी एकदा आणि काल दुपारनंतर एकदा ती पळाली. कालचं चित्रण मागं नेऊन पाहिलं. इंजिन पाहत होते तेव्हा काहीच दिसेना. मग वैतागून बाकीच्या हॉलकडं पाहिलं, आणि दिसलं! काळी पळायच्या बरोबर आधी छतावरचे दिवे लुकलुकले. डोळ्याची पापणी लवावी इतकंच. आधीच्या दिवशीचं चित्रण काढलं. तिथंही तसंच!

दत्तोबांना विचारलं. ते म्हणाले, "ते व्हय? लाईट गेली की इन्व्हर्टरवर पडतंय, आली की परत. नवीनच बसवलाय, नव्या वर्षाला. गिऱ्हाईकाला अंधार नको म्हणून."

नव्या वर्षाला! काळी पळायला लागली ती कधीपासून? ५ तारखेच्या पत्रात बघ.

मी दोन्ही इंजिनं रुळावर ठेवली, प्रतिक्षाला गादीपाशी उभं केलं आणि कंट्रोलरचं बटण बंद करून लगेच चालू केलं. काळी सुसाट! तांबडी जागची हलली नाही. परत केलं. काळी सुसाट, तांबडी उभी. मी ओरडले. प्रतिक्षा ओरडली. आतून आचारी पळत आला, त्याला वाटलं आग लागली. शाहिद, गेले दोन आठवडे जी कधीही, कशीही, कुणाच्याही नकळत पळत होती, ती आता मी म्हणेन तेव्हा पळत होती! बटण दाबलं की पळ. मी वेड्यासारखी दाबत होते.

आज घरी बसून त्या चिपची माहितीपत्रकं वाचली. सगळी इंग्रजी, बारीक अक्षरं, तू कशी वाचायचास देव जाणे. पण कारण कळलं. वीज तुटून परत येते तेव्हा क्षणभर रुळात नुसती वीज असते, हाक नसते. काळीची चिप मग समजते, 'इथं हाका मारणारं कुणी नाही, म्हणजे आपण जुन्या पद्धतीच्या रुळावर आहोत. रुळात वीज पूर्ण आहे, तर आपल्या नंबरची हाक येईपर्यंत पूर्ण वेगानं पळायचं.' बिचारी हुकूमच पाळतेय! चिप कारखान्यातून येतानाच अशी येते. जुन्या रुळावर चालायची ती मुभा बंद करायची असते. तांबडीची तू बंद केली होतीस. काळीची करायच्या आधी तू निघून गेलास.

हे टोमणा म्हणून लिहिलेलं नाही. थोडंसं आहे.

सेटिंग क्रमांक एकोणतीस. तिथं सहा आहे, दोन करायचं. एवढंच! उद्या जाऊन करते.

मेहजबीन

&nbsp;

इंदापूर, २२ जानेवारी

शाहिद,

होत नाही.

हँडसेटवरून दोन लिहिते, चिप म्हणते चूक. वाचायला जाते, काहीच वाचत नाही. काढलेली जुनी चिप परत बसवून पाहिली, तीही तेच म्हणते. रूळ पुसले, चाकं पुसली, तारा नव्यानं जोडल्या. तांबडीचं सेटिंग वाचता येतं, तिथं दोन आहे, तू लिहिलेलं. काळी मात्र तोंड मिटून बसली आहे.

दत्तोबांनी आज पहिल्यांदा आवाज खाली करून विचारलं, "मॅडम, न्हाय झालं तर तांबडीवरच भागवू. काळी काचेच्या कपाटात ठिवू, शोभंला." चांगला माणूस आहे, म्हणून जास्त लागलं. बारामतीची छोटी रेल्वे त्यांच्या वडिलांनी पाहिली, तिच्या गोष्टी ऐकत हे वाढले. त्या गाडीसारखं इंजिन हवं म्हणून तर त्यांनी आपल्याला शोधत आणलं. आणि ते कपाटात ठेवायचं?

काल परत जाताना एसटीत अम्मी म्हणाल्या, "त्याला इचार की. तुझा नवरा हाय, परका हाय का?"

मी म्हटलं, "अम्मी, त्याला विचारलं की त्याचंच खरं होईल."

"काय खरं हुईल?"

मी सांगितलं नाही. तुझ्या आईला कसं सांगू, तू दारात बॅग घेऊन उभा राहून काय म्हणालास ते? "तुला नवरा नको आहे, तुला प्रोग्रॅमर हवाय. बडोद्याला नोकरी लागली हे मी चार वेळा सांगितलं, तू चारही वेळा काळीच्या चाकांबद्दल विचारलंस." आता तुला विचारलं की तू म्हणशील, बघ, कामासाठीच आठवण झाली.

म्हणून विचारत नाही. फक्त काय झालं ते लिहिते.

अम्मी बऱ्या आहेत. गुडघा दुखतो, पण इंदापूरला येणं सोडत नाहीत. दत्तोबांच्या चहात म्हणे जादू आहे. तुझ्या खोलीत गॅस आहे का, की बाहेरच खातोस? अम्मींनी विचारलंय.

मीही.

मेहजबीन

&nbsp;

इंदापूर, ३० जानेवारी

शाहिद,

तुझं पत्र! तीन पानी, तेही हॉटेलच्या पत्त्यावर! पाकीट बघून पोस्टमनला मी पाणी विचारायलासुद्धा विसरले.

आधी काम सांगते, मग बाकीचं. तू लिहिलंस, "सेटिंग लिहिताना चिपला अगदी थोडी वीज देतात आणि तिच्या उत्तराची वाट बघतात. तुझा कपॅसिटर ती वीज पिऊन टाकत असेल. तो सोडव, मग लिही." वाचलं आणि कपाळावर हात मारला. शिदोरी! पोटात शिदोरी असल्यावर ती कशाला बोलेल? तिथंच, काउंटरवर, काळीचं अंग उघडलं, कपॅसिटरची एक तार सोडवली आणि हँडसेटवर दोन लिहिलं. चिप 'हो' म्हणाली. वाचून पाहिलं. दोन! तार परत जोडली, रुळावर ठेवली, बटण बंद, बटण चालू.

उभी!

परत. उभी! प्रतिक्षानं केलं, उभी. दत्तोबांनी इन्व्हर्टरशी जाऊन केलं, उभी. मग अम्मी म्हणाल्या, "मला बी दाबू द्या." त्यांनी इतक्या वेळा दाबलं की दत्तोबा हात जोडून म्हणाले, "मावशी, आता माझा इन्व्हर्टर पळंल."

आता बाकीचं. तू तीन पानांत दोन पानं कपॅसिटरवर लिहिलीस. तिसऱ्या पानावर लिहिलंस की जेवण बाहेर होतं, खोलीला खिडकी आहे, खिडकीतून मालगाड्या दिसतात, आणि कुठली मालगाडी किती डब्यांची हे सांगायला कुणी नाही. आणि कारण मी एकटीनं शोधलं हे वाचून तू खोलीत एकटाच मोठ्यानं 'वा!' म्हणालास. शेवटी विचारलंस, "मग आता माझी गरज काय?"

याचं उत्तर एका ओळीत येणार नाही. उद्घाटन होऊ दे. विचार करून लिहिते.

मेहजबीन

&nbsp;

बारामती, १० फेब्रुवारी

शाहिद,

काल झालं. आवाज बसलाय माझा, नाहीतर आज फोन केला असता. खरंच.

माणसं किती! इंदापूरची निम्मी होतीच, भिगवणहून, पिंपळीहून आली, सोमेश्वरनगरहून कारखान्यातली माणसं आली. कारखान्याचं मॉडेल बघून एकजण म्हणाला, "चिमणीचा धूर कुठाय?" धूर पुढच्या वेळी. उभं राहायला जागा नव्हती. तांबडी प्रवासी डबे घेऊन, काळी ऊस घेऊन, एकमेकींना चुकवत छान चालल्या होत्या. प्रतिक्षा हँडसेट धरून होती, मी बाजूला उभी. एक आजोबा फळीला नाक लावून काळीबरोबर चालत होते आणि तिच्याशी बोलत होते.

आणि काळी पुलावर असताना लाईट गेली.

खाली बाकावर माणसं जेवायला बसलेली. एका बाईच्या मांडीवर तान्हं पोर, बरोबर पुलाखाली. अंधार झाला आणि सगळे "हो!" करून ओरडले. मला काळीचा आवाज ऐकू येत होता. कपॅसिटरवर ती थोडी सरकत होती. मी मनात म्हटलं, दोन लिहिलंय, वाचून पाहिलंय, दहा वेळा पाहिलंय. तरी पाय आपोआप त्या बाईकडं निघाले. तेवढ्यात इन्व्हर्टर लागला, उजेड आला.

काळी पुलावर उभी. शांत. उसाची एक मोळीसुद्धा हलली नव्हती.

मी अम्मींकडं पाहिलं. त्या मान खाली घालून जिलबी खात होत्या. नंतर विचारलं, "अम्मी, तुम्ही भ्याला नाहीत?" तर म्हणाल्या, "तू केलंयस म्हणल्यावर मी कशाला भ्यायचं?"

प्रतिक्षानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. तिनं हँडसेटवर सात नंबर घेतला आणि त्याचं चाक फिरवलं. काळी हळूच निघाली. लोकांना वाटलं, पुलावर थांबा आहे. टाळ्या फक्त दत्तोबांनी वाजवल्या, त्यांनाच माहीत होतं काय झालं नाही ते. डोळे पुसत होते बिचारे.

आणि मला त्या गर्दीत काय वाटलं सांगू? मला शेजारी वळून कुणाला तरी कोपरानं ढोसायचं होतं. "बघितलंस?" म्हणायचं होतं. काही विचारायचं नव्हतं, काही दुरुस्त करून घ्यायचं नव्हतं. नुसतं "बघितलंस?"

वळले. शेजारी आचारी होता. त्यालाच ढोसलं.

मेहजबीन

&nbsp;

पुण्याहून निघालेल्या गाडीत, १ मार्च

शाहिद,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाहीये, हातात द्यायचं आहे. म्हणून तारीख घालायचीही गरज नव्हती, पण सवय.

समोरच्या बाकावर अम्मी झोपल्या आहेत. तुझ्यासाठी काय काय बांधून घेतलंय ते मलाही सांगितलेलं नाही. हॉटेलातली रेल्वे प्रतिक्षा सांभाळतेय. काल तिनं एकटीनं काळीची चाकं काढून पुसली आणि परत बसवली. मी मुद्दाम बाहेर जाऊन बसले होते.

तू विचारलं होतंस, आता तुझी गरज काय. बरेच दिवस विचार केला. खरं उत्तर हे की गरज नाही. काळी मी चालवते, चिप मी लिहिते, बिघाड मी शोधते. प्रोग्रॅमरची जागा भरली, शाहिद. तिथं आता मी बसलेय आणि मला ते काम फार आवडतंय.

त्यामुळं आता एक गोष्ट साफ झाली. तू मला हवा आहेस, आणि कशासाठीही नको आहेस.

पंधरा दिवस राहणार आहे. नंतर कसं जमवायचं, तू तिथं मी इथं, किती दिवस इकडं आणि किती दिवस तिकडं, मला माहीत नाही. भांडण होईल. होऊ दे, समोरासमोर होईल. बडोद्याच्या नोकरीबद्दल सगळं पहिल्यापासून सांग. मी मधे चाकांबद्दल विचारणार नाही.

वलसाड गेलं. बाहेर एक मालगाडी उभी आहे, तिचे डबे मी मोजत होते, अर्ध्यातच आमची गाडी निघाली. तुझ्या खिडकीतून दोघं मिळून मोजू.

खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला की जिन्यात ये. अम्मींचा गुडघा दुखतो, आणि पिशव्या जड आहेत.

तुझी,
मेहजबीन